विस्थापितांची मंडळी

२९ ऑक्टोबर २०१४, बुधवार. त्या दिवशी मुबी पडले. ईशान्य नायजेरियातल्या अडमावा राज्यात राजधानी योलाच्या खालोखाल मोठे शहर म्हणजे मुबी. गुरांचा मोठा बाजार, राज्य विद्यापीठ, कॅमेरूनच्या सरहद्दीवरचा व्यापार आणि लष्कराची छावणी, असे सगळे असलेले हे शहर बोको हराम या सशस्त्र बंडखोर गटाच्या हाती गेले. सैनिकच आधी निघून गेले, असे पळून आलेले लोक नंतर सांगत. ज्वारी अजून शेतात उभी होती. माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. कोणी मांदारा डोंगर चढून कॅमेरूनात उतरले, तर कोणी २०० किलोमीटरवरच्या योलाची वाट धरली. जिंकलेल्यांनी शहराचे नाव बदलून ‘मदिनतुल इस्लाम’ ठेवले.

मुबीजवळ क्वार्ही नावाचे गाव आहे. एक्लेसियार यानुवा आ नायजेरिया, म्हणजे नायजेरियातील ब्रदरन मंडळी, हिचे मुख्यालय तिथे होते. पाळकांना शिकवणारे कल्प बायबल कॉलेजही त्याच आवारात. या मंडळीला सगळे ‘ईवायएन’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. क्वार्हीही त्याच दिवशी गेले. अध्यक्ष सॅम्युएल दाली, कार्यालयातली माणसे, प्राध्यापक, विद्यार्थी आणि त्यांची मुलेबाळे रानावनातून वाट काढत पांगली. मुख्यालय जोस शहरात हलवावे लागले, आणि कॉलेज पुढे कडुना राज्यातल्या चिंका इथे तात्पुरत्या जागेत सुरू झाले.

त्याआधी दीड-दोन वर्षे हेच कार्यालय बोर्नो राज्यातून येणाऱ्या विस्थापितांची नोंद ठेवत होते आणि त्यांना धान्य पाठवत होते. आता नोंद ठेवणाऱ्यांचीच नावे यादीत आली. युद्धग्रस्तांना मदत करणाऱ्या संस्थांचे आपल्या डोळ्यांपुढचे चित्र साधारण ठरलेले असते: सुरक्षित शहरातून मालमोटारी निघतात, पोती उतरवतात आणि संध्याकाळी परततात. ईशान्य नायजेरियात जे घडले ते या चित्रात बसत नाही. तिथे मदत घेणारा आणि देणारा दोघेही एकाच रस्त्याने पळालेले होते, आणि या मदतकार्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही याच गोष्टीत होत्या.

ही मंडळी तिथे रुजली कशी, ते पाहायला हवे. अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रदरनचे दोन तरुण मिशनरी, स्टोव्हर कल्प आणि अल्बर्ट हेल्सर, १९२२ च्या अखेरीस नायजेरियात पोचले. ब्रिटिशांनी उत्तर नायजेरियातला कारभार मुस्लिम अमीरांमार्फत चालवण्याचे धोरण ठेवले होते, आणि अमीरांच्या प्रजेत ख्रिस्ती मिशनांनी शिरू नये असा सरकारचा कटाक्ष होता. त्यामुळे मिशनऱ्यांच्या वाट्याला मुख्यतः डोंगराळ, आडबाजूचे आणि परंपरागत दैवते मानणाऱ्या जमातींचे मुलूख आले. कल्प आणि हेल्सर यांना बुरा लोकांच्या प्रदेशातले गारकिडा मिळाले. तिथल्या एका चिंचेच्या झाडाखाली १७ मार्च १९२३ रोजी पहिली उपासना झाली. कल्प यांची पत्नी रूथ पुढच्याच वर्षी तिथे वारली. कल्प मात्र आयुष्याचा मोठा भाग त्या मुलखात राहिले.

मराठी वाचकाला ब्रदरन हे नाव अगदी परके वाटायला नको. याच मंडळीने नायजेरियाच्या कितीतरी आधी, १८९४ मध्ये, बलसाडला आपले पहिले मिशनरी पाठवले. पुढे डहाणू, पालघर, व्यारा, आहवा अशा वारली-भिल्ल पट्ट्यात त्यांच्या शाळा आणि दवाखाने उभे राहिले. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, बलसाडचे मिशन अनाथ मुलांनी भरून गेले होते आणि अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून ब्रदरन शेतकरी त्यांच्यासाठी वर्गणी पाठवत होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा भारतातले बहुसंख्य ब्रदरन त्यात विलीन झाले. नायजेरियातली शाखा मात्र स्वतंत्र राहिली आणि वाढत गेली.

मदतकार्य हा या पंथाचा जुना शिरस्ता आहे. ब्रदरन, मेनोनाइट आणि क्वेकर हे तीन ‘शांततावादी’ पंथ. युद्धात शस्त्र धरायचे नाही, हे त्यांच्या श्रद्धेतले मूळ तत्त्व. शस्त्र नाही, मग करायचे काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे मदतकार्य. स्पेनच्या यादवी युद्धात डॅन वेस्ट नावाचा ब्रदरन कार्यकर्ता मुलांना पेल्याने दूध वाटत होता. पेला संपतो, गाय टिकते, हे त्याच्या तिथेच ध्यानात आले, आणि त्यातून आजची ‘हायफर इंटरनॅशनल’ ही संस्था जन्माला आली. पहिल्या गाभण कालवडी १९४४ मध्ये जहाजाने पोर्टो रिकोला गेल्या. शांततावादी तत्त्व आणि मदतीची ही सवय गारकिडालाही पोचली.

गारकिडात कुष्ठरोग्यांचे रुग्णालय निघाले, बियूजवळ वाका इथे शाळा निघाल्या. लासा या गावीही मिशनचे रुग्णालय होते. १९६९ मध्ये तिथली परिचारिका लॉरा वाईन एका अनोळखी तापाने आजारी पडली आणि जोसला नेल्यावर वारली. तिच्या आजाराच्या तपासातून जो विषाणू सापडला, त्याच्यामुळे होणाऱ्या तापाला गावाच्या नावावरून ‘लासा ताप’ म्हणतात. चिबोकला ब्रदरन १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला गेले आणि तिथेही शाळा निघाली. सत्तरच्या दशकात बहुतेक शाळा-दवाखाने सरकारकडे गेले आणि मंडळीचा कारभार नायजेरियन पाळकांच्या हाती आला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतली मातृसंस्था आटत आटत सव्वा लाखाच्या आसपास येऊन ठेपली होती. ईवायएनची संख्या मात्र दहा लाखांच्या घरात असल्याचे मंडळी सांगत असे.

मैदुगुरीत मोहम्मद यूसुफ या तरुण प्रवचनकाराने २००२ च्या सुमारास जो गट जमवला, त्याला लोकांनी ‘बोको हराम’ म्हणायला सुरुवात केली. भ्रष्ट राज्यकारभार, बेकारी, पाश्चात्त्य शिक्षण घेऊनही नोकरी नसलेले तरुण आणि पोलिसांची दांडगाई या सगळ्यावर त्याचे उत्तर एकच होते: सध्याचे राज्य आणि त्याची शाळा दोन्ही त्याज्य. जुलै २००९ मध्ये उठाव झाला. लष्कराने तो मोडला आणि यूसुफ पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला. त्याची जागा अबुबकर शेकाऊने घेतली आणि संघटना अधिक क्रूर होऊन परतली. ऑगस्ट २०११ मध्ये अबुजातल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत स्फोट झाला, आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी मदल्ला इथल्या कॅथलिक चर्चबाहेर. मे २०१३ मध्ये बोर्नो, योबे आणि अडमावा या तीन राज्यांत आणीबाणी लागू झाली. शहरांतून हुसकलेले बंडखोर खेड्यांवर तुटून पडले.

१४ एप्रिल २०१४ च्या रात्री चिबोकच्या सरकारी शाळेतून २७६ मुली पळवल्या गेल्या. ५७ जणींनी लवकरच सुटका करून घेतली. मुलींपैकी बहुतेकींची घरे ईवायएनची होती, त्यामुळे जगाला ही बातमी असली तरी मंडळीसाठी तो घरातला आकांत होता. ऑगस्टमध्ये ग्वोझा पडले आणि शेकाऊने खिलाफत जाहीर केली. सप्टेंबरमध्ये मिचिका गेले, ऑक्टोबरअखेर मुबी. ईवायएनची जुनी भूमी नकाशावर जिथे पसरली होती, नेमकी तीच पट्टी बंडखोरांच्या हाती गेली होती. मंडळीच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ७ लाख सदस्य बेघर झाले आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास चर्चगृहे उद्ध्वस्त झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बोको हरामने चर्च जाळली तशा मशिदीही उडवल्या, पाळक मारले तसे इमामही मारले. या युद्धाचे सर्वाधिक बळी मुस्लिमच आहेत. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या २०२१ च्या अहवालात २०२० अखेरपर्यंतच्या मृत्यूंचा अंदाज साडेतीन लाखांच्या जवळ दिला आहे. त्यात गोळीने मेलेल्यांहून उपासमार, रोगराई आणि उपचारांअभावी गेलेले कितीतरी जास्त, आणि त्यातही पाच वर्षांखालची मुले सर्वाधिक. ईवायएनची कथा ही या मोठ्या संहाराच्या एका कोपऱ्याची कथा आहे.

पळालेली माणसे गेली कुठे? वर्तमानपत्रांत छायाचित्रे तंबूंची छापून येत. पण २०१५ अखेर देशांतर्गत विस्थापितांची संख्या २१ लाखांवर गेली, तेव्हा त्यांतले दर दहांपैकी नऊ जण तंबूत नव्हतेच. ते कोणाच्या तरी घरी होते. बहीण, मावसभाऊ, जुना वर्गमित्र, गावच्या पाळकाच्या ओळखीचे कोणी, यांच्या दोन खोल्यांच्या घरात आणखी तीस-चाळीस माणसे आली. व्हरांड्यात झोपायचे, पाळीपाळीने चूल पेटवायची. सरकारी छावण्यांवर लोकांचा विश्वास कमी होता, आणि त्याला कारण होते. ११ सप्टेंबर २०१५ रोजी योलाजवळच्या मालकोही छावणीत बॉम्ब फुटला. १७ जानेवारी २०१७ रोजी तर नायजेरियाच्याच हवाई दलाने चुकून रान इथल्या विस्थापितांवर बॉम्ब टाकले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. मैदुगुरीच्या छावण्यांत आपल्याला डावलले जाते, अशी ख्रिस्ती विस्थापितांची तक्रार होती, म्हणून तिथल्या वुलारी भागातल्या ईवायएन चर्चच्या आवारातच निराळा तळ पडला. सरहद्दीपलीकडे कॅमेरूनात मिनावाओची छावणी जुलै २०१३ मध्ये उघडली होती. ग्वोझाच्या डोंगरांतून उतरलेल्यांनी तिथे तंबू बांधता बांधताच उपासनेच्या जागाही ठरवल्या.

छावणीत नसलेल्या माणसाला शोधायचे कसे, हा मदत संस्थांपुढचा खरा पेच होता. आंतरराष्ट्रीय संस्थांकडे गोदामे, गाड्या आणि पैसा होता. पण योलाच्या कुठल्या गल्लीत, कुणाच्या पडवीत मदागलीची बाई चार मुलांसह पडून आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पाळकाला ठाऊक होते. ईवायएनची रचना स्थानिक मंडळी, त्यावर जिल्हा समिती, त्यावर मुख्यालय अशी. इमारती जळाल्या तरी ही साखळी तुटली नाही, कारण ती माणसांच्या ओळखीवर उभी होती. मोबाइलवर पाळक पाळकाला गाठत होता: तुमच्याकडची किती घरे आमच्याकडे आली, आमच्याकडची किती तुमच्याकडे, कोण सापडत नाही, कोण गेले. मंडळीचे जे पट बाप्तिस्मा आणि लग्नांसाठी ठेवले जात, त्यांतलीच नावे आता शिध्याच्या यादीवर चढली.

या कामासाठी ईवायएनने स्वतःचे आपत्ती मदत पथक उभे केले. अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रदरनने ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्या राखीव निधीतून आणि आपत्ती निधीतून मिळून १५ लाख डॉलर काढून ‘नायजेरिया संकट निधी’ सुरू केला. पुढच्या काही वर्षांत एकूण रक्कम ५० लाख डॉलरच्या पुढे गेली. उतरत्या संख्येच्या आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या संस्थेसाठी ही लहानसहान गोष्ट नव्हती. स्वित्झर्लंडमधली मिशन २१ ही बासेल मिशनची वारस संस्था १९५९ पासून ईवायएनबरोबर होती. तिनेही हात दिला, आणि मेनोनाइट मध्यवर्ती समितीनेही.

वाटपाचा दिवस साधारण असा असे. चर्चच्या आवारात मक्याच्या पोत्यांची थप्पी. बाजूला तांदूळ, चवळी, तेलाचे डबे, मीठ, साबण, चटया, ब्लँकेट. उत्तर नायजेरियात कालवणाला मॅगीच्या वड्या लागतातच. त्या नसतील तर बायका लगेच विचारत, म्हणून त्यांची पाकिटे वेगळी मोजून ठेवलेली. फाटकाशी मेटल डिटेक्टर घेतलेले तरुण, कारण उपासनेला येणाऱ्यांचीही झडती घेण्याचे ते दिवस होते. मग यादी वाचायची: आधी गावाचे नाव, मग कुटुंबप्रमुखाचे. नाव पुकारल्यावर पुढे येणारी बहुधा बाई असे, कारण नवरा मारला गेलेला किंवा बेपत्ता. यादीत नाव नसलेले दहा-वीस जण कडेला उभे असत. त्यांना रिकाम्या हाती पाठवायचे की प्रत्येकाच्या वाट्यातून मापटेभर काढायचे, हे पथकातल्या माणसाला तिथल्या तिथे ठरवावे लागे. आणि तो माणूसही संध्याकाळी कुणाच्या तरी उसन्या खोलीत परतणारा असे.

या यादीतल्या विधवांकडे सर्वांत आधी नीट लक्ष दिले ते रेबेका दाली यांनी. अध्यक्ष सॅम्युएल दाली यांच्या त्या पत्नी, पण त्यांचे काम त्या ओळखीच्या कितीतरी आधीचे. १९८९ मध्ये त्यांनी ‘सीसीईपीआय’ ही संस्था काढली होती. बंडाच्या काळात त्या आणि त्यांचे सहकारी धोक्याच्या भागांत जाऊन विधवांना आणि अनाथांना भेटत. नवरा कसा गेला, मुले किती, घर उरले आहे का, हे ऐकून लिहून घेत. शिधा देऊन त्या थांबल्या नाहीत. शिवणकाम, विणकाम, संगणक शिकवण्याची केंद्रे त्यांनी चालवली आणि शिकून जाणाऱ्या बाईच्या हाती शिवणयंत्र दिले. सगळ्यांत अवघड काम पुढचे होते. बोको हरामच्या तावडीतून सुटून आलेल्या मुली, कित्येकींच्या कडेवर मूल, आणि त्यांना दारात उभे करायला घरचे तयार नाहीत. ‘बंडखोराचे पोर’ हा शिक्का पुसायला भाषणे पुरत नाहीत. घरोघरी बसावे लागते, सासरच्यांशी, माहेरच्यांशी, गावच्या वडीलधाऱ्यांशी पुन्हा पुन्हा बोलावे लागते. या कामासाठी ऑगस्ट २०१७ मध्ये जिनिव्हात त्यांना सर्जिओ व्हिएरा द मेलो पुरस्कार मिळाला. त्यांच्या यादीत ख्रिस्ती बायका होत्या तशा मुस्लिमही होत्या.

ओळखीच्या जोरावर चालणाऱ्या मदतीची खोट मात्र इथेच उघडी पडते. पाळक आपल्या मंडळीला ओळखतो, आणि जो मंडळीत नाही तो यादीत येत नाही. मिचिकाचा मुस्लिम शेतकरीही तितकाच उघड्यावर पडला होता, आणि भीती दोन्हीकडे होती. बोको हरामने मुसलमान म्हणून मारले नाही तर लष्कराने संशयित म्हणून उचलले, असे त्याचे दुहेरी मरण होते. ख्रिस्ती विस्थापितांच्या मनात शेजाऱ्याविषयी अढी होती. गाव पडले त्या दिवशी वाट कुणी दाखवली, हा प्रश्न घरोघरी चघळला जात होता. अशा वेळी फक्त आपल्यांना वाढणारी पंगत त्या अढीत भरच घालते.

ही भिंत ओलांडणारी दोन-तीन कामे म्हणूनच नीट पाहण्यासारखी आहेत. योलात २०१४ च्या शेवटच्या महिन्यांत इतके लोक आले की शहराची वस्ती दुप्पट झाल्याचे सांगितले जाई. तिथल्या अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ नायजेरियाने २०१२ मध्ये इमाम, पाळक आणि बिशप यांना एकत्र बसवून ‘अडमावा शांतता उपक्रम’ सुरू केला होता. आधी दोन वर्षे एका टेबलाशी बसण्याची सवय झाली होती, म्हणून संकट आले तेव्हा अन्नवाटप मशिदी आणि चर्च या दोन्ही वाटांनी होऊ शकले. ऐन गर्दीच्या काळात हे जाळे अडीच लाखांहून अधिक लोकांपर्यंत धान्य पोचवत होते.

योलाचे कॅथलिक बिशप स्टीफन दामी मामझा या उपक्रमात होते. त्यांच्या सेंट तेरेसा कॅथीड्रलचे आवार शेकडो कुटुंबांचा तळ झाले, आणि त्यांत मुस्लिम कुटुंबेही होती. वर्षे लोटली तरी कित्येकांना परत जाता येईना, तेव्हा बिशपांनी योलाच्या सीमेवर त्यांच्यासाठी ८६ घरांची वसाहत बांधून घेतली. तिथे शाळा आणि चर्च आले, आणि वसाहतीतल्या मुस्लिम रहिवाशांसाठी मशीदही बांधली गेली. बिशपने मशीद बांधली ही बातमी २०२१ मध्ये जगभर गेली. तिच्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते: ज्याला घर द्यायचे, त्याला नमाज कुठे पढायचा हेही सांगायला हवे.

दुसरा प्रयोग ईवायएनचा. मंडळीचे संपर्क अधिकारी मार्कस गमाचे यांच्या स्वतःच्या घरात पाहुण्यांचा गोतावळा वाढत गेला होता. २०१४ मध्ये त्यांच्या संस्थेने अबुजाजवळ नसारावा राज्यात गुर्कू इथे जमीन मिळवली आणि ठरवले की इथे ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबे एकत्र राहतील. घरे बाहेरच्या कंत्राटदाराने बांधायची नाहीत, ज्यांनी राहायचे त्यांनीच बांधायची. माती कालवायची, साच्यात विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या, भिंती उभारायच्या आणि वर पत्रे घालायचे. एकमेकांच्या भिंतीला हात लावल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. पाण्याला रांग एक आणि मुलांची शाळाही एकच. गुर्कू लहान आहे, काही डझन कुटुंबांचे. लाखोंच्या विस्थापनात त्याचा आकडा नगण्य आहे. पण आपल्या यादीबाहेरचा माणूस यादीत घेतल्यावर काय होते, हे दाखवायला तेवढे पुरले.

शिधा, घर यांच्या पलीकडे एक दुखणे होते. रात्री मोटारसायकलचा आवाज आला की मुले पलंगाखाली शिरत, कारण बंडखोर मोटारसायकलींवर येत. मेनोनाइट समितीच्या मदतीने काही नायजेरियन कार्यकर्ते रुवांडातली एक पद्धत शिकून आले. बुरुंडी आणि रुवांडातल्या क्वेकरांनी तिथल्या संहारानंतर ती घडवली होती. शिबिर तीन दिवसांचे. पहिल्या दिवशी जे घडले ते सांगायचे, दुसऱ्या दिवशी रडायला मोकळीक. तिसऱ्या दिवशी फळ्यावर दोन झाडे काढायची, एक अविश्वासाचे आणि एक विश्वासाचे, आणि प्रत्येकाने मुळे आणि फळे भरायची. मग जोड्या करायच्या. एकाच्या डोळ्यांना पट्टी, दुसऱ्याने त्याचा हात धरून अंगणातून, दगडांवरून, पायऱ्यांवरून फिरवून आणायचे. नंतर अदलाबदल. जिथे शेजारी शेजाऱ्याला घाबरतो तिथे हा खेळ सोपा नसतो. युद्ध न करणाऱ्या तिन्ही पंथांची शिकवण अशी एका अंगणात येऊन मिळाली होती.

शस्त्र न धरण्याच्या तत्त्वाची कसोटीही याच काळात लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुबी परत मिळवण्यात लष्कराबरोबर स्थानिक शिकाऱ्यांचाही मोठा वाटा होता, आणि गावोगाव तरुण रखवाल्या टोळ्यांत सामील होत होते. बंदुकीच्या आडोशाला परतलेल्या गावात अहिंसेचा उपदेश करणे पाळकाला जड जाई. मंडळीने तत्त्व सोडले नाही, पण त्यावरचा वाद मिटलाही नाही.

२०१५ च्या सुरुवातीपासून मुबी-मिचिका पट्ट्यात लोक परतू लागले. मे २०१६ मध्ये जोएल बिली ईवायएनचे अध्यक्ष झाले आणि मुख्यालय पुन्हा क्वार्हीला आले. जळलेल्या गावांत मातीच्या भिंती बऱ्याच ठिकाणी शाबूत होत्या. लाकूड आणि छप्पर तेवढे गेले होते. त्यामुळे मदतीचा मोठा वाटा आता पत्र्यांवर खर्च होऊ लागला. पाऊस येण्याआधी छप्पर, मग मक्याचे बियाणे, सोयाबीन, शेळ्या, विहिरी. शेतीतही युद्ध आडवे येई. युरियापासून स्फोटके बनतात म्हणून खतांच्या विक्रीवर लष्कराची बंधने होती. बोर्नोत रस्त्यांच्या आणि छावण्यांच्या आसपास ज्वारी-मक्यासारखी उंच पिके घ्यायला मनाई होती, कारण त्यांच्यात माणूस लपतो. ज्वारीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला ज्वारी पेरू नको म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा शिध्याच्या रांगेत उभे करणे होते.

परतणे म्हणजे शेवट नव्हता. जानेवारी २०२० मध्ये मिचिकाच्या ख्रिस्ती संघटनेचे अध्यक्ष, ईवायएनचे पाळक लवान अंदिमी यांना पळवून नेले. अपहरणकर्त्यांनी काढलेल्या चित्रफितीत ते शांतपणे बोलत होते, आणि २० जानेवारीला त्यांची हत्या झाली. महिन्याभराने, २१ फेब्रुवारीला, खुद्द गारकिडावर हल्ला झाला. चिबोकच्या मुलींपैकी २१ जणी ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि ८२ जणी मे २०१७ मध्ये वाटाघाटींतून सुटल्या. पण अपहरणाला दहा वर्षे झाली तेव्हाही ऐंशीच्या वर मुली परतलेल्या नव्हत्या. २०२१ च्या अखेरीस बोर्नो सरकारने मैदुगुरीतल्या छावण्या बंद करायचे ठरवले. गावे सुरक्षित झाली आहेत का, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

मार्च २०२३ मध्ये ईवायएनने शंभरी साजरी केली. या दशकाचा हिशेब मांडायचा तर काय दिसते? मंडळीने दिलेला शिधा लाखोंच्या गरजेपुढे थोडा होता. मोठी रसद सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीच पुरवली, आणि त्याहून मोठा भार नावगाव नसलेल्या यजमान घरांनी उचलला. चर्चचे मोल वेगळ्या जागी होते. माणसे कुठे आहेत हे मंडळीला माहीत होते, आणि मदत करणारा आपल्यासारखाच बेघर असल्याने घेणाऱ्याला हात पसरण्याची लाज कमी वाटे. ही ओळख ही मोठी पुंजी होती, पण ती आपल्यांपुरतीच राहिली असती तर तिने दोन समाजांतली फाळणीच पक्की केली असती. रेबेका दालींच्या नोंदवह्या, योलाची वसाहत आणि गुर्कूच्या विटा यांनी ती ओळख आपल्यांपलीकडे थोडी नेली. पुढच्या संकटात कुठलीही मंडळी, चर्च असो, मशीद असो की आपल्याकडचे एखादे देवस्थान, मदतीला उतरेल तेव्हा तिला पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. तुमच्या यादीत कोण आहे? आणि कडेला उभ्या असलेल्यांचे तुम्ही काय करणार आहात? ईशान्य नायजेरियात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी दिले ते मोजकेच होते, पण मदतीचा खरा अर्थ त्यांच्या कामात जास्त दिसतो.